शेवटच्या फेरीत ढोल थांबतात

अप्पा, "घंटा ऐकूच आली न्हाई" असं तुम्ही साऱ्या मोंढ्यासमोर छातीवर हात ठेवून सांगितलंत, आणि मी येडी तीस-बत्तीस वर्षं तेच खरं धरून बसले. तुमची बाजू घेऊन किती जणांशी भांडले त्याला गणती नाही. लग्न होऊन भोकरला गेले, तर तिथं सासरा पंगतीत म्हणाला, "आग विझवणाऱ्याच्याच घरची बाई जळाली म्हणं." भरल्या ताटावरून उठले मी. म्हटलं, आमचा बाजा ऐकलाय का तुम्ही? मशक आणि ढोल एकदा सुरू झाले की शेजारचा माणूस कानात ओरडला तरी कळत नाही, तिथं अर्ध्या कोसावरची घंटा कशी ऐकू येईल? आणि आता चाचा सांगून गेले, आली होती. दोघांनाही आली होती. मग मी इतकी वर्षं कुणाचं खोटं डोक्यावर घेऊन फिरले?

तुमचा मोठा ढोल ज्यांच्या पोटावर असायचा ते चाचा. मागच्या आठवड्यात त्यांना बघायला गेले. खाटेला लागले होते, हातापायाच्या काड्या झाल्या होत्या, पण बोटं चादरीवर ताल धरून राहिली होती. मला बघून हसले. "आ गई मास्टरनी? बाजा चालू है ना?" म्हटलं, चालू आहे, पुढच्या शनिवारी साहेबांपुढं वाजवायचंय. तसं त्यांचं हसू गेलं. सुनेला बाहेर पाठवलं आणि म्हणाले, "बेटा, अब झूट काय कू बोलना. उस दिन घंटा बजी थी. मैं सुना, तेरे अप्पा बी सुने. पलट के मेरेकू देखे, गर्दन हिलाए. मतलब, पूरा करो." मी विचारलं, मग? "मग क्या. आखरी फेरे में मैं ढोल रोका, कान दिया. घंटा नै थी. तेरे अप्पा बोले, विझली वाटतं, चल दुसरं." मी म्हटलं, आणि तुम्ही दोघं गप्प बसलात? चाचांनी तोंड भिंतीकडं केलं. "जिनिंग को छुट्टी थी. अंदर कौन रहता, बोल?" परवा त्यांना माती दिली. आता विचारायला तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही.

मी चौथी शिकलेली बाई, मला पत्राची वळणं येत नाहीत. पण लिहायला घेतलं की पहिल्यापासूनच लिहावं लागतंय. तुम्ही धान्याच्या मोंढ्यातले मापाडी. दिवसभर पोत्यांची वजनं घ्यायची, सांजेला हमालांना गोळा करून लिंबाखाली बाजा बसवायचा. सरकारी बंब यायचा तोवर राख गार झालेली असायची, म्हणून तुम्ही वीस-बावीस जणांचं आग पथक केलेलं. पगार नाही, बिल्ला नाही. हाताने दांडा मारायचा एक बंब, एक सिमेंटचा हौद, बादल्या, आणि लिंबाला टांगलेला छोट्या गाडीच्या रुळाचा तुकडा. त्यालाच आपण घंटा म्हणायचो, लोखंडी गजानं हाणायची. मशक तुम्हाला निजामाच्या फौजेतून सुटलेल्या एका म्हाताऱ्यानं दिलेली. बकऱ्याच्या कातड्याची ती पिशवी काखेत दाबली, की खांद्यावरच्या तीन नळ्या एकसुरात घुमायच्या आणि खालच्या नळीवर तुमची बोटं फिरायची. माहूरला नवरात्रात वाजवलीत तेव्हा गडावरची माकडं पळाली होती. हमाल म्हणायचे, "अप्पा, आग बाजानंच पळून जाती, पाणी कशाला?" तुमचे नियम दोनच. घंटा वाजली की ताटावरून उठायचं. आणि धून पुरी केल्याबिगर मशक खाली ठेवायची न्हाई, मधीच सोडली तर ती रडती, अपशकुन व्हतो. हे दोन नियम एका वेळेला समोर आले तर कोणता पाळायचा, हे कुणी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत.

मला ती साहेबलोकांपुढं वाजवायची सात फेऱ्यांची धून तेवढी आवडायची. सहा फेऱ्या नुसती धडधड. सातव्या फेरीत ढोल थांबायचे, ताशे थांबायचे, आणि मशक एकटी बोलायची. मी चुलीपुढं बसून ती फेरी फुंकणीवर बोटांनी घ्यायची. जाळ विझायचा, भाकरी करपायची, मला भान नसायचं. एकदा तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. मला वाटलं शाबासकी देतील. तुम्ही फुंकणी हातातून ओढून घेतलीत, "बाईमाणसानं फुंकायचं ते चुलीत, मशकीत न्हाई," म्हणालात आणि फुंकणी परत चुलीपाशी आपटलीत. मावशी भाकरी थापत होती. तिनं वर न बघता सुनावलं, "अप्पा, मग तुमी थापा भाकरी, ती फुंकील." तुम्हाला असं बोलायची छाती घरात तिच्या एकटीचीच. आईची धाकटी बहीण, नवऱ्यानं टाकलेली, आपल्याकडंच राहायची आणि जिनिंगवर कापूस निवडायला जायची. तिच्या लुगड्याला कायम रुईचे धागे चिकटलेले. मी तिला चिडवायची, मावशे, तुला काडी लावली तर भक्कन पेटशील. आता हे खोडून टाकावं वाटतं. पण बोलले होते मी, ते बोललेच होते.

त्या सालात जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुना. लातूर उस्मानाबादेतून सुटलं म्हणून पहिल्या उन्हाळ्यापर्यंत गावोगाव सत्कार चालले होते. चैत्रातच विहिरींचे तळ दिसायला लागले, जनावरं मुरुडच्या बाजारात मिळेल त्या भावाला जात होती. जिल्ह्याचे साहेब आले, त्यांच्यापुढं गाव उभं राहिलं, तर टँकर मागता येईल, असं जाणत्यांनी ठरवलं. बाजा सगळ्यात पुढं. पथकातला एकेक माणूस बाजात हवा होता तुम्हाला. तेव्हा घंटेवर कोण? पंधरा-सोळा वर्षांची मी. मला गज देऊन म्हणालात, "धूर दिसला की हाण. आन् आमची तोंडं दिसल्याबिगर थांबायचं न्हाई." मी म्हटलं, "जावा निवांत, अप्पा." मावशीला मी मिरवणुकीला जा म्हटलं तर ती म्हणाली, "साहेब काय खिशातनं पाणी काढून देतो का? माझे पाय सुजलेत, मी पडते कुठंतरी सावलीला." कुठं पडणार हे मी विचारलं नाही.

वारं सुटलेलं आहे. वेशीकडून तुमची धून येते आहे. मी लिंबाखाली बसून फेऱ्या मोजते आहे. तिसरी चालू असताना जिनिंगच्या पत्र्यांतून धूर निघाला, आधी चुलीएवढा, मग काळा. मी गज घेतला आणि हाणायला लागले. दोन्ही हातांनी, खांदे निखळेपर्यंत. चौथी फेरी, पाचवी फेरी. कोणी येत नाही. नंतर तुमची ती दुसरी धून सुरू झाली, मी पुन्हा हाणत सुटले, आणि तुमचे ढोल वेस ओलांडून शाळेच्या मैदानाकडं लांब गेले. माणसं आली ती धूर आभाळात दिसल्यावर. मावशी रुईच्या खोलीत सापडली, थंड म्हणून तिथं आडवी झाली होती. साहेबांनी टँकर दिला, तेही नीट सांगते. त्याचं पहिलं पाणी जिनिंगवर गेलं.

चौकशीला तहसीलचे लोक आले तेव्हा मी लिंबाला टेकून उभी होते. "घंटा ऐकूच आली न्हाई," असं म्हणताना तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलंत आणि नजर काढून घेतलीत. मला वाटलं, शरमेनं. त्यानंतर तुम्ही मशक फुंकली नाहीत. दर सोमवारी पूजा झाली की तिला गूळ-तेल लावून मऊ करायचात आणि पेटीत ठेवायचात. आणि मला रागावणं बंद केलंत. हे मला तेव्हा समजलं नाही. आधी चहात साखर जास्त पडली तरी घर डोक्यावर घ्यायचात. त्या उन्हाळ्यानंतर मी दूध उतू घातलं, विहिरीत पोहरा टाकून आले, तरी तुम्ही गप्प. मी आईला म्हटलं, अप्पा आजारी आहेत का? ती म्हणाली, "जाऊ दे गं. त्यांचं आतून काईतरी चालून ऱ्हायलंय."

मग ती पंचमी. मी भोकरहून माहेराला आले होते, तुमचं ते शेवटचं वर्ष. तुम्ही पेटी माझ्यापुढं ढकललीत. "घे. चूल काय अन् मशक काय, फुंकायचंच हाय." चार दिवस शिकवलंत, सहा फेऱ्या शिकवल्यात. सातवी मागितली तर म्हणालात, "ती शिकवायची गरज न्हाई. ती तुला येती." मी खूश झाले होते, अप्पा. मला वाटलं, फुंकणीची आठवण ठेवली. सासरी जाताना गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसले होते.

नवरा गेल्यावर पोराला घेऊन परत आले आणि पथक पुन्हा उभं केलं. नुसत्या बादल्या धरायला कोणी येत नाही, बाजा म्हटलं की मोंढा रिकामा होतो, हे तुमच्याकडूनच शिकले. पहिल्या दिवशी एक हमाल हसला, "बाई फुंकती बघा रं!" त्याच्या हातात मशक दिली. तीन फुंकांत खाली बसला बिचारा, अजून ताशावर आहे. किती आगी विझवल्या ते सांगत नाही. एकही माणूस जाऊ दिलं नाही, एवढं सांगते.

आता पुन्हा पाणी नाही आणि पुन्हा नव्या जिल्ह्याची हवा आहे. ही दोघं जोडीनंच येतात काय की. साहेब पाहणीला येणार, बाजा सगळ्यात पुढं, आणि निरोप आलाय की तीच सात फेऱ्यांची धून पाहिजे. हौद अर्ध्यावर आहे, सकाळी बायका घागरी घेऊन त्याच्या कुलपाकडं बघत उभ्या असतात. जिनिंगचे पत्रे नवीन झाले, पण सरकीचे ढीग तसेच आतल्या आत तापतात, परवा एका ढिगात हात घातला तर चटका बसला. मालकाला सांगितलं, तर म्हणाला, "ताई, शनिवारी सुट्टीच हाय, कोण कशाला काडी ओढंल?" सुट्टी आहे म्हणून तर मला झोप लागत नाही. घंटेवर सून बसणार. माझ्यासारखीच हाडापेरानं मजबूत आहे. काल म्हणते, "जावा तुमी निवांत, आत्याबाई. अन् सातवी फेरी जरा लांबवा. लई ग्वाड वाजवता, लिंबाखाली बसलं तरी ऐकू येती." माझ्या हातातला तांब्या खाली पडला. तिला वाटलं, पाणी सांडलं म्हणून मी ओरडले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, मशकीच्या पेटीत गुळाच्या फडक्याखाली ठेवणार आहे. म्हणून लिहून टाकते. चाचा खोटं बोलले नाहीत. सातव्या फेरीला घंटा नव्हती. सहावी संपली, ढोल थांबले, तेव्हा मी गज खाली ठेवला होता. हात भरून आले होते हे खरं, पण म्हणून नाही. धूर दिसत होता, तरी ठेवला. ती फेरी मला नीट ऐकायची होती. एवढीच एक फेरी, मग हाणू, असं वाटलं. तुम्ही तिकडं कान देऊन उभे होतात आणि मी इकडं.

तुम्हाला हे कळलं होतं का? "ती तुला येती" म्हणालात ते फुंकणीवरून, का त्या दिवसावरून? साऱ्या मोंढ्यासमोर जे खोटं बोललात ते स्वतःसाठी बोललात, का माझ्यासाठी, घंटा मधेच थांबली हे कुणाला कळू नये म्हणून? स्वतःसाठी असलं तर मी तुमच्यावर रागावून मोकळी होते आणि शनिवारी वाजवते. माझ्यासाठी असलं तर सुनेला सगळं सांगते, आणि साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप, मशक पेटीतून काढत नाही. स्वप्नात या, चाचांना पाठवा, काय करायचं ते करा. बाजा जमतो शनिवारी सकाळी. मला शुक्रवारी दिवे लागायच्या आत उत्तर पाहिजे.