गोळीचा उपास

पनवेल,
८ ऑगस्ट

चि. सौ. कोमल हिस शांतीताईचे आशीर्वाद. वि. वि.

फोन घरात सगळ्यांच्या हातात, म्हणून हे पत्र सोनाबाई कोळणीच्या पाटीतून. श्रावणात आमच्याकडे मासळी बंद, तरी बिचारी टपालापुरती जिना चढते. वास सोसून घे.

बाळ अंगावर आहे, एवढ्यात दुसरं नको, काय करू, असं विचारलंस. अगं, आमचा शार्दूल शाळेत गेल्यापासून मी रोजची गोळी घेते. दोन झाली, तिसरं मला झेपायचं नाही. पाकीट देवघरात, अन्नपूर्णेच्या मागे ठेवते. सासूबाईंना आणखी नातवंड हवं असणार, त्यांना पत्ता नको. तीर्थाबरोबर गोळी, म्हणजे विसरायला होत नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशीला मात्र घेत नाही. उपासाला औषध चालतं म्हणतात, पण मी कुठे आजारी आहे? शिवाय पाकीट पुरवठ्याला येतं! या खेपेला पाळी लांबलीय, पण ते उपासांनीच.

तरी तू डॉक्टरांना विचार. प्रितेशरावांना माझा चिमटा.

तुझी ताई

जासई,
११ ऑगस्ट

ती. सौ. ताईस कोमलचा सा. न. वि. वि.

हिबा डॉक्टरांकडे गेलो. मी पाजते म्हणून तुझ्या गोळ्या मला नकोत म्हणाल्या. तांबी, इंजेक्शन, निरोध, सगळं नीट समजावलं. निरोधाचं नाव निघताच हे पंख्याची पाती मोजायला लागले. मी तांबी ठरवली.

मग मी तुझी युक्ती सांगितली. आधी त्या खूप हसल्या, मग त्यांनी पेन खाली ठेवलं. गोळीला सुट्टी दिली की तिचा भरवसा उरत नाही, ताईंना लगेच पाठवा म्हणाल्या. सोमवारी आणि गुरुवारी त्या पनवेलला उरण नाक्यावर बसतात. ताई, यात देवाला मध्ये घालू नकोस, जाच.

काळजीत असलेली,
कोमल

पनवेल,
१८ ऑगस्ट

चि. सौ. कोमल हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ह्यांना सांगितलं, तर निकाल लागेपर्यंत मीच कडक उपास धरतो म्हणाले आणि उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. गुरुवारी तपासणी झाली. काही नाही गं! शनिवारी पाळीही आली. आज तांबी बसवून घेतली. हिला सोमवार चालतो ना, असं मी विचारलं. हिला उपासही नाही आणि सुट्टीही नाही, म्हणाल्या हिबा डॉक्टर. उरलेल्या गोळ्या मी तुझ्या जावेसाठी ठेवणार होते, त्या त्यांनी काढून घेतल्या.

घरी आले तर सासूबाई देवापुढे साखर ठेवत होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, अन्नपूर्णेमागचं पाकीट रोज मीच पुसून ठेवते, मना काय कललं नाय? तू सोमवारची गोली चुकवलीस का मी देवाला सांगायची, आज तरी तूच सांभाल रं बाबा, मना आता आनखी लंगोट धुवाला जमाचं नाय.

हे अजून उपास सोडत नाहीत. सोडवायला जाते.

तुझी,
शांतीताई