दोन बटणांची प्रेस

३ नोव्हेंबर, सोमवार
चाकणला आलो. कंपनीने प्रेस शॉपच्या वरची खोली दिली आहे. भरपूर उजेड, न डुगडुगणारे टेबल, चहा वेळेवर. मन प्रसन्न आहे. काम असे: नव्या कामगारांना पत्र्याला एका ठोक्यात आकार देणारी पॉवर प्रेस शिकवणारे व्हीआर ॲप. चष्मा चढवला की समोर प्रेस, आणि आपले हात जसेच्या तसे. ताथवड्याच्या पदवीधरांच्या टोळीने हेच काम नासवून ठेवले होते. त्यांच्या प्रेसवर ऑइलचा एक डाग नाही. कधी शॉपमध्ये उतरले असतील तर ना. मी कॉलेजची पायरी चढलो नाही. जे येते ते या दहा बोटांनी शिकलो. उजव्या करंगळीवरचा सोल्डरिंगचा चट्टा हेच माझे प्रमाणपत्र.

५ नोव्हेंबर, बुधवार
जुने ऑपरेटर मारुतराव यांच्या हालचाली रेकॉर्ड केल्या. प्रेसला दोन बटणे, अंतरावर. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोका पडत नाही, म्हणजे हात आत राहूच शकत नाहीत. सुंदर रचना. पण हे गृहस्थ कामाआधी प्रेसच्या बेडला, पत्रा ठेवतात त्या पाटाला, हात लावून कपाळाला लावतात. सगळेच लावतात. लोखंडाच्या पाया पडणारी जमात. रेकॉर्डिंगमधून तो तुकडा कापला. मारुतरावांना कळल्यावर म्हणाले, “आमी पाया पडल्याबिगर तिला चालू करत न्हाई. तुमी लय हुशार, राव. तुमचं तुमी बघा.” एचआरचा प्रज्वल हसला. त्याला हसण्याचाच पगार असावा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
चष्म्यात माझी उजवी करंगळी दिसत नाही. कॅमेऱ्याची चूक, दुसरे काय. उजेड वाढवला, कोड तपासला. कोड निर्दोष आहे, माझा आहे. करंगळी जिथे संपते ती कड मात्र स्वच्छ, कापल्यासारखी. इतकी सुबक चूक मी पाहिलेली नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
अनामिकाही गेली. प्रज्वलला चष्मा चढवला. या बावळटाने सवयीने हवेतच वाकून बेडला हात लावला. त्याची दहाही बोटे दिसली. ज्याला ती फोन चाळण्यापुरती लागतात, त्याची दहा.

१० नोव्हेंबर, सोमवार
आता अंगठा. फोन ठसा ओळखत नाही. अंगठा हाताला आहे, पण गरम कप कळत नाही त्याला. डॉक्टर म्हणतात मानेची नस. पाठ केलेले बोलतात. मारुतरावांनी हात पाहिला आणि खाली कामाला गेले. टोमणा मारला असता तर बरे वाटले असते.

११ नोव्हेंबर
उजवा हात बंद. डाव्याने लिहितोय. अक्षर बघवत नाही. पदवी नाही, हात नाहीत — मग मी कोण? रेकॉर्डिंगचा कापलेला तुकडा परत जोडला. उद्या चष्मा चढवून वाकणार. मी.

१२ नोव्हेंबर, दुपार
वाकलो. डावा हात आत, बेडवर ठेवला. ठोका पडणार नाही. दोन हात लागतात, आणि माझा एकच —

बटणांवर बोटं होती. एका बटणावर अंगठा. दुसऱ्यावर करंगळी. चट्टा ओळखला मी.

चष्मा ओढून फेकला. टेबलावर पडलाय. आत अजून उजेड आहे.

डावा शाबूत. लिहितोय ना. करंगळी कागदावर टेकवून —

जेवणाची सुट्टी आहे. खाली सगळं बंद. तरी ठोका —

करंगळीला कागद लागत नाही

पुन्हा ठो