सकाळपर्यंत थांबलेलं अपेंडिक्स

प्रिय सेरिम,

नाशपतीची पेटी पाठवली आहे. वूजिन माझा लेक असला, तरी त्याला एकट्याला फस्त करू देऊ नकोस. बाकी बातमी एकच, आणि ती चांगली नाही. तुझ्या सासूचं पोट पुन्हा दुखतंय. पित्ताशयात खडे आहेत, शस्त्रक्रिया करावी लागेल, असं इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण ऐकेल ती मालसून कसली! रोज सुईने अंगठा टोचून घेते. काळं रक्त निघालं की अजीर्ण उतरतं, ही तिची श्रद्धा.

माझाही अंगठा तिने असाच टोचला होता, आठवतं? किमचीचं लोणचं घालायचा दिवस. अंगणात कोबीचा ढीग, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत तिखटाने लाल, आणि मी पोट धरून बसलेलो. "कच्ची कालवं हादडलीत, भोगा आता!" म्हणत तिने सुई काढली. तू हातमोजे उतरवलेस, माझ्या पोटाची उजवी बाजू दाबून पाहिलीस आणि म्हणालीस, "आई, सुई ठेवा. हे अपेंडिक्स आहे." तिथून गाडीत घालून थेट तुझ्या इस्पितळात.

संध्याकाळी तपासण्या झाल्या आणि तू सांगितलंस, शस्त्रक्रिया सकाळी. मालसूनने वॉर्ड डोक्यावर घेतला. "सासरा आहे म्हणून ताटकळत ठेवतेस? आत फुटलं म्हणजे?" तू तिच्यासमोर चवड्यांवर बसलीस. "आई, फुटल्याची शंका जरी असती तरी मी थांबले नसते. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांचं फुटलंय, त्यांना आत्ताच घेतेय. बाबांना सलाईनमधून औषध चालू आहे, माझं लक्ष आहे. त्यांचं थांबू शकतं, तर शस्त्रक्रियेची सगळी माणसं ताजीतवानी असताना करू." घाई करणं सोपं होतं गं. सासू कानाशी ओरडत असताना थांबायला छाती लागते. मला तुझा इतका अभिमान वाटला की दुखणं विसरलो. थोडंसंच.

सकाळी तू ते अलगद काढलंस. मग वारा सरायची वाट पाहणं आलं, कारण तोवर घास नाही. "सुटला का हो?" म्हणून अख्खा वॉर्ड चौकशी करत होता. सुटला तेव्हा मालसूनने टाळ्या वाजवल्या आणि मी नव्या नवरीसारखा लाजलो.

त्या दिवसाबद्दल तिने तुला एकदाही शाबासकी दिली नाही, हे मला ठाऊक आहे. तिची जीभ तिखट आणि मान ताठ. पण आज दुपारी लसूण सोलता सोलता, वर न बघता म्हणाली, "पोट उघडायचंच असेल तर दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. सेरिमला विचारा. थांबा म्हणाली तर थांबेन, आत्ता म्हणाली तर आत्ता निघेन. आणि मी म्हटलंय असं सांगू नका." फोनवर बोललो असतो, पण बाईसाहेब दाराआड कान देऊन उभ्या! म्हणून हे पत्र. कधी यायचं ते लवकर कळव, पोरी. तिने बॅग भरून ठेवली आहे.

तुझाच,
नावाला सासरा, मनाने बाप