माळ्यावरचा कॅप्टन

परियान, सेबू
४ मे १९६८

चि. इलारियो यास,
अ. उ. आ. तुझा खोकला अजून जात नाही म्हणतोस, तर आलं उकळून घे आणि सिगार सोड.

रस्ता रुंद करायचा म्हणून पालिकेने आपल्या भिंतीवर लाल खूण मारली आहे. म्हणजे घर पडणार. त्यातच वारसा समितीचे गृहस्थ आले. या घरात काही इतिहास घडला का, असं त्यांनी विचारलं. मी सांगून टाकलं की स्पेनविरुद्धच्या बंडातला कॅप्टन एस्तानिस्लाव स्पॅनिश शिपायांना चुकवून तीन आठवडे आपल्याच माळ्यावर होता. तू इतिहासाचा मास्तर, तेव्हा दुजोऱ्याच्या चार ओळी पाठव.
तुझी थोरली बहीण,
ताक्या

दावाओ
१५ मे १९६८

ती. मानांग ताक्या हिस,
सा. न. वि. वि. कॅप्टन समोरच्या बिबियानाच्या आजीकडे लपला होता. आधी तो आपल्याच दारी आला होता, तेव्हा आजोबांनी घरात कांजिण्या आहेत असं आतूनच सांगितलं. हे तूच मला सांगितलंस. तीस वर्षं मी थापा लिहिणाऱ्या पोरांना नापास केलं. दुजोरा देणार नाही. मात्र कोणी विचारलं नाही, तर आपणहून बोलणारही नाही.
राग मानू नकोस.
इलारियो

परियान, सेबू
२ सप्टेंबर १९६८

चि. इलारियो,
अ. उ. आ. तुला कोणी विचारलं नाही. पितळी पाटी लागली, खूण पुसली गेली. रस्ता आता समोरून रुंद होतोय. गेल्या महिन्यात बिबियानाचं घर पाडलं.

समितीवाले तिच्याकडेही गेले होते म्हणे. पण कुणाला सांगायचं नाही अशी शपथ आजीने घरच्यांना घातली होती, म्हणून ती नाही म्हणाली. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तिला वरची खोली दिली आणि सगळं कबूल केलं. ती बराच वेळ पाटी वाचत राहिली. मग म्हणाली की कॅप्टनचं आडनाव चुकलंय.

रविवारी शाळेची मुलं माळा बघायला येतात. कॅप्टनची गोष्ट सांगताना माझी गाडी अडते, म्हणून आता बिबियानाच सांगते. तो भात कसा मागायचा, शिंक कशी दाबायचा, सगळं खरं, फक्त माळा आमचा. समितीवाले तिला माझी कामवाली समजले, तर तिने त्यांना कॉफी करून दिली.

खरं सांगायला मी आजही तयार आहे. पण मग हेही घर जाईल, आणि बिबियाना राहणार कुठे? तूच सांग, मास्तर आहेस.

उत्तराला उशीर झाला तरी चालेल, माया तेवढी आटू देऊ नकोस.
ताक्या