मिशी तेवढी सरळ ठेव

वहिनी,

सुटून आलेल्यांसाठीच्या केंद्रातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, मनातलं लिहून काढा, पाठवलं नाही तरी चालेल. म्हणून लिहितोय.

"आत दादा दिसलाच नाही," असं मी सांगितलं होतं, ते खोटं आहे. तुरुंगातही मला न्हाव्याचंच काम होतं. ज्यांना पहाटे संपवायचं, त्यांचा आदल्या दिवशी फोटो काढत. त्याआधी त्यांची दाढी मी करायचो. एका दुपारी खुर्चीत दादा येऊन बसला.

"आज दाढी कशाला रे?"

मागे पहारेकरी उभा होता. मी म्हणालो, "सुटकेचा फोटो आहे."

दादा खूश झाला. "मग मिशी तेवढी सरळ ठेव. वाकडी झाली तर तुझी वहिनी मला घरात घ्यायची नाही."

मी सरळ ठेवली.

बाई म्हणतात, तुमचा दोष नाही. त्यांना मिशीचं सांगितलेलं नाही.

दादा येईल म्हणून तुम्ही अजून दाराला कडी लावत नाही. काल माझ्या दुकानापाशी थांबून म्हणालात, "भावजी, सुटून आलेल्या बाकीच्यांचे हात किती थरथरतात. तुमचा बघा कसा स्थिर आहे."

त्या दिवशीही थरथरला नव्हता, वहिनी.

तुमच्या घरचा,
धाकटा