संस्कृतीच्या तपासणीसाठी दुसरी तारीख व आजीची सोबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
बाल मेंदूविकार विभाग,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : कु. संस्कृती बद्रीनाथ काळवणे (वय ८) हिच्या व्हिडिओ ईईजी तपासणीस पुन्हा तारीख मिळणे व सोबतीस तिच्या आजीलाच परवानगी देणे.

संदर्भ : सुट्टीच्या कागदावरील शेरा, ‘झटका नोंदला नाही. दोन जबाबदार नातेवाईक असल्यासच पुढील तारीख.’

महोदय,

१. अर्जदार सोनिया काळवणे चिकलठाण्यात राहते व एका कारखान्यात पॅकिंगचे काम करते. तिच्या मुलीचे अपस्माराचे झटके औषधे बदलूनही थांबत नाहीत. झटका मेंदूत कोठून सुरू होतो ते कळले, तर शस्त्रक्रिया करता येईल; त्यासाठी तो कॅमेऱ्यासमोर आला पाहिजे, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणून वॉर्डात औषधे कमी केली. पोटच्या पोरीला झटका यावा म्हणून वाट पाहत बसणे काय असते, हे अर्जदारास कोणाशी बोलता आले नाही.

२. झटका आला नाही. संस्कृती नर्सबाईंना कोडी घालत बसली. सुट्टी झाली आणि घरी जाताना, जालना रोडवर, रिक्षातच तिला मोठा झटका आला. परत आणल्यावर इंजेक्शन मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र तपासणीची खाट दुसऱ्या मुलाला गेली होती.

३. वॉर्डात झटका का आला नाही, ते नंतर कळले. सोबतीला असलेल्या सासूबाई आवडाबाई, रा. लासूर स्टेशन, या, अर्जदार डबा आणायला खाली गेली की, घरून आणलेल्या गोळ्या गुळाच्या खड्यात घालून नातीला देत होत्या. दवाखान्यात आणून पोरीचे औषध तोडतात, हे त्यांच्या मनाला पटले नव्हते. यावरून घरात बोलाचाली झाली. पती आईला घेऊन लासूरला गेले, ते तिकडेच आहेत. फोन उचलत नाहीत.

४. दुसरा नातेवाईक शोधण्यात अर्जदाराने कसूर केलेली नाही. जाऊ म्हणाली, “मला बघवत नाय.” भाऊ वैजापूरच्या मार्केट यार्डात आहे, एकदा त्याच्यासमोर झटका आला, तेव्हा तो नाकाला लावायला चप्पल शोधत फिरला. शेजारणीने हे दुसऱ्याला लागतं का म्हणून विचारले. तेव्हापासून तिची मुलगी खेळायला येत नाही. शेवटी फॉर्मवर नातेवाइकांच्या दोन्ही रकान्यांत अर्जदाराने स्वतःचेच नाव लिहिले होते. ते खोडले आहे.

५. गेल्या रविवारी अर्जदार लासूरला गेली. झटका एकदा मशीनवर पकडला, तर तो काढता येईल का ते कळेल, एवढेच तिने आवडाबाईंना सांगितले. त्यांनी पदराची गाठ सोडून उरलेल्या गोळ्या अर्जदाराच्या हातावर ठेवल्या व म्हणाल्या, “मग येऊ दे फेफरं. मी धरते तिला.”

अर्जदाराखेरीज संस्कृतीला झटक्यात कुशीवर धरून बसलेले हे एकच माणूस आहे. सबब तारीख द्यावी. आवडाबाईंची पिशवी, पदर रोज तपासावा, हरकत नाही. त्यांना खाटेपासून दूर बसवू नये, ही विनंती.

तारखेच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र अर्जदार,
सोनिया बद्रीनाथ काळवणे
दि. १८ फेब्रुवारी २०२५

सोबत : सुट्टीचा कागद, आवडाबाईंचे हमीपत्र, अंगठ्यासह, उरलेल्या गोळ्या, पुडीत बांधून.