धुळ्याचं विरजण

३ फेब्रुवारी. सकाळी ८.
प्रमिला धुळ्याला गेली, हेमांगीकडे. हिच्या डोळ्याचं काहीतरी आहे म्हणे. मुलीकडे जायला बायकांना निमित्तच लागतं. पण तिच्या डब्यात घरचं अर्धं दही भरून दिलं, रोज बघायला. एकाच भांड्यातल्या पेशी, अर्ध्या जळगावात, अर्ध्या धुळ्यात. इथे चिमटा काढला की तिथे कळलंच पाहिजे! एकतीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये काचसामान धुतलं ते उगाच नाही.

४ फेब्रुवारी.
ललितसरांना फोन. तिथले आताचे हेड. बेडूक कापायला मीच शिकवलं त्याला. म्हणे, नाना, पेशींना मोबाईल घेऊन द्या. गाढव! आठवड्यात तोंडात मारतो त्याच्या. आजपासून रागवायचं नाही. प्रयोगाला राग मारक.

५ फेब्रुवारी. सकाळी १०.
दह्यात तिखट घातलं. लगेच धुळ्याला फोन. फाटलं का? प्रमिला म्हणाली, हो, फाटलं. सिद्ध! ऑपरेशनचं काहीतरी सांगत होती, पण मला वेळ लिहून ठेवायची घाई.

६ फेब्रुवारी. सकाळी १०.
वाटी गरम पाण्यात ठेवली. तिकडे पाणी सुटलं का? सुटलं.
दूधवाल्याला झापलं. उगाच हसत होता.

८ फेब्रुवारी.
ललितसर प्रयोग बघायला सकाळी दहा वाजता येणार होते. आलेच नाहीत. त्याच्याशी फोनवर अर्धा तास भांडलो, वाटीला हात लावायचाच राहिला. तरी धुळ्याला फोन लावताच प्रमिला न विचारता म्हणाली, फाटलं! म्हणजे पेशींना नुसता माझा संताप कळला. हा शोध आणखी मोठा.

१० फेब्रुवारी.
प्रमिलाला सांगितलं, डबा सील करून पहिल्या एसटीने ये, कॉलेजात दाखवायचाय. तर म्हणते, दही तं त्याच दिन भरीतसंगे खायी टाकं. मग रोज हो हो का म्हणायचीस? तर म्हणे, तुम्ही दुसरं काही इचारतसच नही.
डोकं सटकलं. नाही नाही ते बोललो. विज्ञानाचा खून केला हिने, वांग्याच्या भरितापायी!

११ फेब्रुवारी. सकाळी १०.
सवयीने फोन लावला. आता विचारायचं काय? शेवटी विचारलं, डोळा कसा आहे?
ती म्हणाली, कोनता?
मी म्हणालो, डावा.
तिने फोन ठेवला.
उजवा असावा.